मामाजींची पाठ

जयमाला लग्न होऊन मोताळ्याच्या घरात आली तेव्हा सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, चेहरा तिला नीट दिसायला बरेच दिवस गेले; त्यांचं खाकरणं मात्र पहिल्याच दिवशी ओळखीचं झालं. बाहेर पायरीवर चपला काढल्या की भगवानराव एकदा खाकरायचे. ते उंबऱ्यात येईपर्यंत आत जयमालाच्या डोक्यावर पदर आलेला असायचा, पसरलेले पाय आवरलेले असायचे, पुढे लेक झाल्यावर तिला, राखीला, पाजत असली तर तिने भिंतीकडे तोंड केलेलं असायचं. ज्या घरात सून आहे त्या घरात शहाण्या माणसाने मुकाट्याने पाऊल टाकू नये, एवढी साधी रीत. भगवानरावांनी ती बावीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती.

बोलणं तर त्याहून जपून. सुनेशी ते सरळ कधी बोललेच नाहीत. सासू होती तोवर सासूमार्फत, सासू गेल्यावर नातीमार्फत. नात तेव्हा सहा महिन्यांची होती. भगवानराव पाळण्यापाशी उभे राहून पाळण्यात बघत सांगायचे, "राखी, मायले म्हणा, दोन पाहुणे जेवाले हायेत." राखी पायाचा अंगठा चोखत असायची. जयमाला आतून म्हणायची, "राखी, आजोबाले म्हणा, पिठलं चालन का?" असा संसार. कोणाचं काही अडलं नाही.

पुढे राखी शिकायला अकोल्याला गेली. जयमालाचा नवरा चंद्रशेखर बीबी गावाकडच्या एका शाळेत मास्तर. तिथेच खोली करून राहायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. घरात उरले सून आणि सासरा. मग भगवानराव अंगणातल्या लिंबाकडे बघून बोलायला लागले. "आज चहात साखर कमी वाटून राह्यली," असं ते लिंबाला सांगायचे आणि जयमाला साखरेचा डबा घेऊन यायची.

या खाकरण्याचा खोकला कधी झाला, ते तिला कळलं नाही. दिवाळीनंतर त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, "खोकला कधीपासून आहे?" चंद्रशेखरने बायकोकडे पाहिलं. घरात तीच असायची. जयमालाला काही सांगता येईना. गेलं वर्षभर आपण दिवसातून पन्नास वेळा पदर सावरतोय, एवढंच तिच्या लक्षात आलेलं होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. भगवानरावांना तिशीत टीबी झाला होता, तो औषधाने बरा झाला होता, पण त्याने फुफ्फुसाच्या खालच्या बाजूच्या नळ्या सैल करून ठेवल्या होत्या. डॉक्टर शेतकऱ्याच्याच घरातले असावेत. म्हणाले, "तुमच्या विहिरीच्या तळाला गाळ बसतो ना, तसा हा कफ बसलाय. घट्ट, चिकट. ही गोळी तो पातळ करते, सैल करते. पण गाळ सैल झाला म्हणजे आपोआप वर येत नाही. उपसावा लागतो. ते काम गोळीचं नाही, घरच्या माणसांचं."

ते काम शिकवायला नीरजा नावाची फिजिओथेरपिस्ट आली. पंचविशीची, चटपटीत. पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा द्यायच्या, म्हणजे डोकं खाली येतं. पोटाखाली उशी. पेशंटला पालथं झोपवायचं, आणि बरगडीच्या खालच्या भागावर दोन्ही हातांनी थोपटायचं, एकेका बाजूला दहा-दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. तिने भगवानरावांवर करून दाखवलं. तिच्यापुढे ते निमूट पालथे पडले. ती परकी, शिवाय डॉक्टरीणच म्हणायची.

"आता तुम्ही करा ताई," नीरजा म्हणाली.

जयमालाने पदर दातात धरला. भगवानराव उठून बसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. चंद्रशेखर औषधं आणायला खाली गेलेला. नीरजाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि हसून स्वतःच खुर्चीवर उलटी बसली. "बरं, माझ्या पाठीवर करा."

जयमालाने हात ठेवला.

"भाकरी थापताय. असं सपाट नको. ओंजळ करा, ती पालथी घाला. आवाज पोकळ यायला पाहिजे, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा."

तिसऱ्या खेपेला आवाज जमला. नीरजाने मान वळवून पाहिलं. "हात चांगला आहे तुमचा. माझ्या वर्गातल्या मुलींना महिना लागला होता."

या शाबासकीने जयमाला मनातून सुखावली होती, हेही खरंच.

घरी आल्यावर चंद्रशेखरने ओसरीवरच्या पलंगाखाली दोन-दोन विटा लावल्या, रविवारी दोन्ही वेळा वडिलांची पाठ थोपटली, राखेच्या डब्यात कफाचे बेडके पडलेले बघून समाधानाने मान हलवली आणि सोमवारी गेला. जाताना बायकोला म्हणाला, "गोळी अर्ध्या ग्लासात. अन् पाठ विसरू नको."

"मी?"

"मंग कोण? लिंब?"

सोमवारी सकाळी जयमालाने ग्लासात गोळी टाकली. पाणी उकळ्या फुटल्यासारखं फसफसलं आणि सडक्या अंड्याचा वास आला. स्टुलावर ग्लास ठेवून ती दाराआड उभी राहिली. भगवानरावांनी नाक धरून औषध घेतलं, लिंबाला म्हणाले, "गंधकाची विहीर हाये ही," आणि पलंगावर बसून राहिले. पालथे पडले नाहीत. तीही पुढे झाली नाही. ते काही बोलले तर करू, असं तिने ठरवलं होतं. आणि ते कसे बोलणार होते? सुनेला 'माझी पाठ थोपट' म्हणायचं, तेही सदरा वर करून, खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत? दोघांनीही एकमेकांची लाज राखली. लाज होती, त्याच्यात खोटं काही नव्हतं. पण नुसती लाजच होती असंही नाही. बावीस वर्षं जो माणूस आपल्याशी बोलायला लिंब शोधतो, त्याने एकदा तरी तोंड उघडून मागावं, असं तिला वाटत होतं. हे तिने तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तिने शेतावरच्या इंद्रभानला बोलावलं. इंद्रभान जुना सालदार, साठीचा, भगवानरावांच्या शब्दाबाहेर नाही. जयमालाने दाराआडून सगळं सांगितलं, ओंजळ कशी करायची तेही हवेत करून दाखवलं. पण इंद्रभानच्या पंजात ओंजळ होईना. चौथ्या दिवशी भगवानराव पलंगावरून उठले आणि लिंबाला म्हणाले, "हा मले बैल समजून राह्यला."

इंद्रभान म्हणाला, "बैल बरा मालक. तो हात हलवून हळू मार म्हणत नाही."

कपाशीची शेवटची वेचणी होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. इंद्रभान सुटला तो सुटलाच.

पाचव्या दिवशी सकाळी सातला चंद्रशेखरचा फोन आला. रोज याच वेळी यायचा. जयमाला फोन डाळीच्या डब्याला टेकवून, आवाज मोठा करून ठेवायची आणि हाताने भाकऱ्या चालू असायच्या. चंद्रशेखर पगाराच्या फरकाबद्दल काहीतरी सांगत होता. मध्येच थांबला.

"थोपटून राह्यली का बाबाची पाठ? आवाज येऊन राह्यला."

तिच्या हाताखाली ज्वारीची भाकरी होती, परातीत, अर्धी थापलेली. तिने हात थांबवला नाही. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता.

"बरं बरं, कर तू. ठेवतो मी," तो म्हणाला.

ओसरीवरून हसण्याचा आवाज आला. हसता हसता ठसका लागला, ठसक्यातून भगवानराव म्हणाले, "चंदूले वाटलं, बापाची पाठच थापून राह्यली. दोन्ही बाजूनं शेकून देजो म्हणा आता." लिंबाला नव्हे. तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

जयमाला पदराआड इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

त्यानंतर ते दोघांचं गुपित झालं. सातला फोन यायचा. "पाठ झाली का?" "हो, चालूच हाये." परातीवर हात पडत राहायचा. फोन ठेवला की ओसरीवरून, "आज किती मिनिटं झाली म्हनलं?" असा प्रश्न यायचा. जयमाला म्हणायची, "वीस, मामाजी." मग ते तिच्याशी बोलायचे. दोन-चार वाक्यं, पण सरळ. हरभरा कसा आहे, त्यांच्या लहानपणी इथून बैलगाडी किती वेळात बुलढाण्याला जायची. ते बोलणं तिला आवडायला लागलं होतं. आपल्या खोट्याची किंमत मामाजींच्या छातीत साचतेय, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. यायचं. पण शनिवारी चंद्रशेखर येई, पाठ थोपटे, आणि डबा भरून कफ निघे. तो खूश होई. "बघ, कसा पातळ होऊन येऊन राह्यला. तुझी मेहनत फळाले आली." पाच दिवसांचं साचलेलं एका दिवसात निघतंय, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. तिला होतं.

डिसेंबरात त्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन निघालं. लागोपाठ दोन शनिवार तो आला नाही.

दुसऱ्या आठवड्यात भगवानरावांचा खोकला कमी झाला. जयमालाला बरं वाटलं. गोळीचा गुण आला म्हणायचा. घर शांत झालं. बुधवारी दुपारी ती न्हाऊन, केस मोकळे सोडून, चुलीपुढच्या उन्हाच्या तुकड्यात पाय पसरून बसली होती. फणी केसात होती. सहज मान वळवली तर दारात मामाजी उभे.

खाकरले नव्हते.

ती धडपडून उठली, पदर सापडेना, फणी खाली पडली. भगवानराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग हाताने 'काही नाही' असं केलं आणि भिंत धरत परत गेले.

तिला इतका राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या. बोलायला लागले म्हणून काय झालं, म्हातारपणी रीतभात सुटली म्हणायची. तिने भांडी आपटली. संध्याकाळचा चहा स्टुलावर ठेवला तो न बोलता. गोळी ग्लासात टाकली, ग्लास ठेवला, आणि ती फसफसून शांत होईपर्यंतसुद्धा थांबली नाही. ओसरीवरून कोणी काही बोललं नाही. तिला वाटलं, शरमले असतील.

खाकरायलाही दम लागतो, हे तिला गुरुवारी सकाळी कळलं.

ग्लास तसाच भरलेला होता. भगवानराव पलंगावर कुशीवर होते, चेहरा तापलेला, ओठ जांभळे, आणि छातीतून हंड्यात पाणी भरताना येतो तसा घरघर आवाज. तिने अँब्युलन्सला फोन लावला. पाऊण तास लागेल म्हणाले. इंद्रभान शेतावर. ती क्षणभर दारातच उभी राहिली, नेहमीच्या जागी, दाराआड. मग पुढे झाली.

त्यांना पालथं करायला फार जोर लागला नाही. हाडं तेवढी उरली होती. पोटाखाली उशी सरकवली, सदरा वर केला. बावीस वर्षांत तिने ती पाठ पाहिली नव्हती. मणके वर आलेले, उजव्या बाजूला जुनी भाजल्याची खूण. तिने ओंजळ पालथी केली आणि थोपटायला लागली. पहिल्याच हाताला आवाज पोकळ आला. पदर डोक्यावरून घसरला, खांद्यावरून घसरला, तिने तो कमरेला खोचला आणि हात थांबवला नाही. पाचेक मिनिटांनी भगवानरावांना ढास आली, आणि हिरवट, घट्ट बेडका पडला. मग दुसरा. मग कितीतरी. त्यांनी एक लांब श्वास आत घेतला, तो आत गेलेला तिला हाताखाली कळला.

ती थांबली असं वाटून त्यांनी बोटाने पलंगाची कड दोनदा ठोकली.

"अजून," ते म्हणाले. "बरं वाटून राह्यलं."

अँब्युलन्सच्या माणसाने येऊन हात धरेपर्यंत ती थोपटत होती.

बुलढाण्याच्या दवाखान्यात ते सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी नीरजा आली, पाठीला हात लावून बघितलं, आणि विचारलं, "घरी कोण करत होतं हे?" पलंगाच्या एका बाजूला चंद्रशेखर, दुसऱ्या बाजूला जयमाला. ऑक्सिजनच्या मास्कमधून भगवानरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात उचलला आणि बोट जयमालाकडे केलं.

चंद्रशेखर म्हणाला, "रोज. दोन्ही टाइम. मी फोनवर आवाज ऐकत होतो."

"मी म्हटलं होतं ना, हात चांगला आहे," नीरजा म्हणाली.

तेव्हाही एक श्वास पुरला असता. जयमालाने सासऱ्याकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे, परातीच्या पहिल्या दिवशी असतील तसे, थोडे हसत होते. त्यांना वाटत होतं, ते तिला सांभाळून घेताहेत.

सातव्या दिवशी सकाळी ते गेले. डॉक्टरांनी चंद्रशेखरला बाजूला घेतलं. जयमाला मागे उभी होती. "वय होतं. फुफ्फुस जुनंच खराब होतं. गोळी चालू होती, पाठ रोज होत होती, तुमच्याकडून काही राहिलं नाही. सगळं करूनही कधी कधी असं होतं." जयमालाला वाटलं, या माणसाला विचारावं की केलं नसतं तर? पण ज्या बाईने सगळं केलं होतं, तिच्यासाठी ते बोलणं होतं. ते ऐकत ती तिथे दुसऱ्याच्या जागेवर उभी होती.

तेरवीला शेजारच्या रुक्मिणीबाईंनी बायकांमध्ये तिचा हात धरून सगळ्यांना दाखवला. "पोटची पोरगी करत नाही माय, अशी सेवा केली हिनं सासऱ्याची. पाठ थोपटे रोज. चंदूच सांगून राह्यला." बायकांनी मान हलवली. एकीने विचारलं, "लाज नाही वाटली वो सुरुवातीले?"

"वाटली," जयमाला म्हणाली. तेवढंच एक त्या दिवशी ती खरं बोलली.

चंद्रशेखरला सांगायचं तिने ठरवलं होतं. वाक्य तयार होतं: मी एकदाच थोपटली, शेवटच्या दिवशी. त्या वाक्याला पुढे जोडायला काही सापडत नव्हतं, म्हणून ते राहत होतं. मामाजींनी बोट करून सांगितलं होतं की ती रोज करते. आता खरं बोलायचं तर गेलेल्या माणसाला खोटं पाडावं लागणार. पण ही पळवाट आहे हेही तिला कळत होतं. तो विचारील तेव्हा सांगू, असं तिने मनाला सांगितलं. अगदी तसंच, जसं ते मागतील तेव्हा करू म्हटलं होतं.

तो बीबीला गेला. सकाळी सातचा फोन पुन्हा सुरू झाला. डाळीच्या डब्याला टेकलेला फोन, परात, पीठ.

महाशिवरात्रीच्या आधीची गोष्ट. तो राखीच्या परीक्षेचं काहीतरी बोलत होता. ती हूं हूं करत होती, हात चालू होते. बोलता बोलता तो थांबला. ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. फोन कटला असं वाटून तिने मान वाकवून पाहिलं. कॉलच्या वेळेचे आकडे चालू होते.

"काय करून राह्यली?" त्याने विचारलं.

तिचा हात भाकरीवर होता. "भाकरी."

पलीकडे कोणाच्यातरी खोलीत रेडिओ लागलेला होता, तो ऐकू येत होता.

"रोज याच टायमाले करतं ना तू भाकरी?"

"हो."

वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. त्याने एक शब्द आणखी विचारला असता तर पडलं असतं. तो म्हणाला, "बरं. डबा भरायचा हाये. ठेवतो."

शनिवारी तो आला. चहा घेतला, ओसरीवर जाऊन बसला. मग उठून पलंग एका बाजूने उचलला आणि पायाने विटा बाहेर काढल्या. चारही नळाखाली धुतल्या. राख, कफाचे डाग, कोळिष्टकं. बराच वेळ धूत होता.

"ह्या कुठी ठेवू?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

"ठेवा मोरीपाशी."

त्याने ठेवल्या. हात पुसले, आणि लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

आता त्याचा फोन सकाळी येत नाही. दुपारी येतो, शाळेतला डबा झाल्यावर. किराणा, लाइटबिल, राखी, सगळं विचारतो. जयमाला मात्र सातला अजून फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवते, आणि मग परात पुढे ओढते.